खारकोनचा बिनतेलाचा रहाट

खारकोनच्या देवळात जायचे तर आधी विहीर लागते. देऊळ म्हणजे चर्चच, पण इथली जुनी माणसे देऊळच म्हणतात. पाहुण्यांना नवल वाटते, आजूबाजूला एवढी जागा मोकळी असताना विहिरीला खेटून भिंत कशाला घातली असेल. घाई नका करू. आधी विहिरीवरचा तो रहाट पाहा. चाक जुने, चाकाचा आस त्याहून जुना. वाडीला आता पंपाने पाणी जाते. पोहऱ्यांची माळ उतरवून ठेवली त्याला दोन पिढ्या झाल्या. तरी रहाट काढलेला नाही. दर वर्षी पावसाआधी त्याच्यावर झावळ्यांचे छप्पर घालतात. लाकूड किडले तर तेवढा तुकडा बदलतात. सगळे करतात, पण त्याच्या आसाला तेल घालत नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुनेलाही पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवतात, बाय, दिव्याला घाल, डोक्याला घाल, रहाटाला नको.

हे असे का, त्याची गोष्ट फिरंग्यांच्या राज्यातली आहे असे सांगतात. लिहून कुठे ठेवलेली नाही. आज्याने नातवाला सांगितली, त्याने आपल्या नातवाला. अशी हातोहात आली, तेव्हा एखादा शब्द घासला गेला असेल, तेवढा सांभाळून घ्या.

त्या काळी ही विहीर इनास नावाच्या वाडीवाल्याची होती. देऊळ बांधायचे ठरले तेव्हा चुना कालवायला पाणी हवे होते, आणि गोडे पाणी होते ते इनासच्या आजाच्या विहिरीला. म्हणून देऊळ विहिरीजवळ आले, विहीर देवळाजवळ गेली नाही. इनासच्या वाडीत केळी होत्या, पानवेली होत्या. पानवेलीला रोज सकाळी पाणी लागते, एक दिवस चुकले तर ती मान टाकते. म्हणून उजाडले की इनास रेड्याला झापड बांधी, रहाटाला जुंपी आणि त्याच्या मागे गोल गोल चाले. पोहरे भरून वर येत, पाटात ओतत, पुन्हा खाली जात. आणि लाकडी आस खोबणीत घासून एक आवाज निघे. करकर नव्हे. लांब, जाड, खालच्या पट्टीतला एकच सूर, जणू कोणी म्हातारा ओठ मिटून गुणगुणतो आहे.

इनासची बायको मारी खाडीपलीकडच्या गावची. ती पाटाचे पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवी आणि गाणी म्हणे. लग्नातली, हळदीची, सासूची थट्टा करणारी, माहेरची.

फिर फिर रे रहाटा, पाणी जाऊ दे पाटाला,
माझ्या माहेराची वाट लागे खाडीच्या काठाला.

खाली रहाट आपला सूर धरून असे. इनास रेड्यामागे चालता चालता त्याच सुरात हुंकार देई. आणि त्या दोघांच्या वर मारीचे गाणे हिंडे, चढे, उतरे, दमले की खालच्या सुरावर येऊन टेके. इनासला गाता येत नव्हते. पण मारी म्हणे, "तुम्ही आणि रहाट तेवढे खाली उभे राहा. वरचं मी बघते."

देवळात पाद्री मानुएल होते. सात समुद्रांपलीकडून आलेले, आणि गाण्याचे फार वेडे. जहाजातून त्यांनी एक पुस्तक आणले होते, एवढे मोठे की दोघांनी उचलावे. पानावर आडव्या ओळी आणि ओळींवर चौकोनी काळे ठिपके, उडदाचे दाणे सांडावेत तसे. त्या दाण्यांवरून गळ्याने कुठे चढायचे, कुठे उतरायचे ते कळे म्हणे. पाद्रीबाबांनी गावातले आठ जण निवडले आणि त्यांच्यातल्याच कायतान नावाच्या माणसाला त्यांचा मेस्त्री, म्हणजे गाणे शिकवणारा, केले. नियम एकच. देव एक, म्हणून सूर एक. तोंडे आठ, पण डोळे मिटून ऐकले तर एकच माणूस गातो आहे असे वाटले पाहिजे. वाद्य नाही, ताल नाही, खाली वर दुसरा आवाज नाही.

इनासही गेला होता निवडीला. कायतानने त्याला दोनदा गायला लावले आणि म्हणाला, "इनास, तुझ्या गळ्याला एकच पायरी आहे. चढायला दुसरी नाही, उतरायलाही नाही. घरी जा."

सगळे हसले. इनासही हसला. बोलणे खोटे नव्हते.

पण मारीला ते देवळातले गाणे फार आवडे. देवळाच्या भिंतीला एक खिडकी आहे, विहिरीच्या बाजूची. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, चालू असली की मारी हातातले काम टाकून त्या खिडकीखाली उभी राही. "शब्द एकही कळत नाही," ती म्हणायची, "पण कोणीतरी माझंच काहीतरी देवाला सांगतंय असं वाटतं."

पुढे एका पावसाळ्यात मारी तापाने गेली. चार दिवसांत गेली.

पावसात रहाट बंद असतो. देवळातली लांब गाणीही तेव्हा नसत, ती सणासुदीची. पावसाळा सरल्यावर इनासने रेडा जुंपला, रहाट फिरला, सूर निघाला. इनास मागून चालू लागला आणि दोन फेऱ्यांनंतर त्याचे पाय थबकले. रहाटाचा सूर खाली होता, त्याचा हुंकार खाली होता, आणि वर मारीची जागा जशीच्या तशी होती. गाणे नव्हते, जागा होती. घरात जेवायला पाट मांडून ठेवावा आणि माणूस अजून यायचे असावे, तशी. रहाट थांबवला की ती जागाही नाहीशी होई. इनासने हे कोणाला सांगितले नाही. पण त्यानंतर तो रहाट जरा जास्तच वेळ चालवू लागला. पाटाला पाणी पुरून उरे, तरी तो चालतच असे.

अशी तीन वर्षे गेली. आणि मग फिरंग्यांच्या कोटातून निरोप आला, की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला थोरले पाद्री येणार, आठ दिवस राहणार. कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते, की खारकोनच्या देवळात पवित्र गाण्यात रहाट कण्हतो आणि भिंतीशी लोक हळदीची गाणी म्हणतात. हे खरे निघाले तर देवळातले गाणे बंद होणार होते. पुस्तक कोटात परत जाणार, आणि इथे प्रार्थना नुसती बोलून म्हणायची.

गावाचा जीव खाली वर झाला. खारकोन एवढेसे गाव, खारट जमीन, मिरवायला दुसरे काही नाही. ते गाणे ऐकायला तीन तीन गावची माणसे येत.

पाद्री मानुएल कायतानला घेऊन विहिरीवर आले. इनासने रेडा थांबवला.

"इनास, थोरले पाद्री असतील तोवर रहाट बंद ठेवशील?"

"एक दिवस ठेवीन, पाद्रीबाबा. आठ दिवस ठेवला तर पानवेल जाईल. ती गेली तर तीन वर्षं परत येत नाही."

"मग तेल घाल," कायतान म्हणाला. "साऱ्या मुलखाचे रहाट तेल पितात. तुझाच काय उपास धरून बसलाय? आम्ही तिकडे घसा फोडतो आणि हा मध्येच कण्हतो. नऊ वर्षं सोसलं मी."

इनासने रेड्याच्या पाठीवर हात ठेवला. पाद्रीबाबांना वाटले, गरीब माणूस आहे, तेलाची अडचण असेल. "तेल मी देतो," ते म्हणाले.

"तेलाचं नाही, पाद्रीबाबा. उद्या सांगतो."

त्या संध्याकाळी इनास विहिरीच्या काठावर बसून राहिला असे सांगतात. तेल घातले तर मारीची जागा जाणार. न घातले तर मारी ज्या खिडकीखाली उभी राहायची, त्या खिडकीतून पुन्हा गाणे येणार नाही. एक तिची जागा, एक तिच्या आवडीचे गाणे. दोन्ही ठेवायचा मार्ग त्याला दिसेना. शेवटी तो उठला. मारी असती तर तिने काय केले असते, एवढेच त्याने स्वतःला विचारले म्हणे, आणि उत्तर त्याला माहीत होते. घरात उंडीचे तेल होते, ते त्याने आणले. आस भिजेपर्यंत ओतले, खोबणी भरेपर्यंत ओतले, आणि देवळाकडे तोंड करून म्हणाला, "हे तुला दिलं. आता सांभाळ."

दुसऱ्या दिवशी रहाट फिरला तो लोण्यातून फिरावा तसा. पाणी येई, आवाज नाही. दोन फेऱ्या झाल्या आणि रेडाच उभा राहिला. झापड बांधलेले जनावर. इतकी वर्षे ते त्या सुराच्या मागे चालत होते, सूर नाही म्हटल्यावर त्याला वाटले काम संपले. इनासने हाकले, दोन पावले गेला, पुन्हा उभा. बायका पाण्याला आल्या होत्या, त्या हसू लागल्या. "इनासभाऊ, रेड्यालाही मिस्सेला पाठवायचं ठरवलंत काय?" मग इनासने काय केले, तोच सूर आपल्या तोंडाने धरला. ओठ मिटून, लांब. रेडा चालू लागला. तो आठवडा इनासने असाच काढला. वाडीला पाणी मिळाले, पण मारीची जागा काही त्याला सापडली नाही. तोंडाने सूर धरायचा तर कान मोकळा राहत नाही.

पास्काची सकाळ आली. देऊळ भरले. थोरले पाद्री पुढे बसले. उंच, वाळलेले, पांढऱ्या भुवयांचे म्हातारे होते म्हणे. इनास सगळ्यांच्या मागे, खिडकीजवळ उभा राहिला. रेडा बाहेर बांधलेला.

कायतानने गाणे उचलले. पहिले लहान गीत नीट झाले. मग मोठे आले, पास्काचे, ज्यात गळा लांब लांब फिरतो आणि परत येतो. आठ आवाज निघाले ते निघाले, पण परत यायला ठिकाण सापडेना. कोणी जरा खाली उतरला, कोणी त्याला ओढायला वर गेला. कायतानने हाताने खूण केली, मान हलवली, डोळे वटारले. उपयोग नाही. आठ तोंडांचे खरोखरच आठ आवाज झाले आणि गाणे मध्येच बसले. कायतानने पुन्हा उचलले. पुन्हा बसले. देवळात कोणी खोकेना. थोरल्या पाद्रींची एक भुवई वर गेली. पाद्री मानुएल पुस्तकाकडे पाहत राहिले. कायतानच्या कपाळावरून घाम उतरत होता, आणि आपले काय चुकते आहे हे त्याला कळत नव्हते.

इनासला कळले. त्याने ते आठवडाभर पाहिले होते. झापड बांधलेले जनावर दोन फेऱ्यांवर उभे राहते, ते त्याने रोज पाहिले होते.

त्याने ठरवून काही केले नाही असे सांगतात. ओठ मिटले आणि सूर धरला.

आधी कोणाला कळेना आवाज कुठून येतो. कायतानची मान मात्र एकदम सरळ झाली. पाण्यात चाचपडणाऱ्याच्या पायाला जमीन लागावी तसे त्याचे झाले. त्याने तिसऱ्यांदा गाणे उचलले. इतर सात जण मागून आले. गाणे चढले, फिरले, लांब गेले, आणि प्रत्येक वेळी त्या खालच्या सुरावर येऊन टेकले. खाली एक आवाज हलत नाही, वर दुसरा हिंडतो आहे, असे त्या देवळात आधी कधी झाले नव्हते. सूर एकाचे दोन झाले होते. नियम मोडला होता, आणि माणसे डोळे पुसत होती. इनासचा श्वास संपत आला की तो पटकन घेई आणि पुन्हा धरी. गाणे संपेपर्यंत त्याने सोडला नाही.

मिस्सा झाल्यावर थोरले पाद्री बाहेर विहिरीपाशी येऊन उभे राहिले. सारा गाव भोवती. पाद्री मानुएल मध्ये दुभाषा.

"मागे कोण गात होता?"

इनास पुढे झाला. "मी होतो, थोरलेबाबा. पण गात नव्हतो. मला गाता येत नाही, मेस्त्रींना विचारा. मी रहाट धरला होता."

"म्हणजे काय?"

इनासने सांगितले. रहाटाचा सूर, तेल, रेडा, सगळे. सांगून होते तोवर कायतान पुढे आला. मानी माणूस होता. पण तो इनासशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "नऊ वर्षं मी समजत होतो की सूर माझ्या कानात आहे. तो भिंतीपलीकडे होता. तेल घालायला मीच लावलं."

थोरल्या पाद्रींनी इनासकडे पाहिले. "हा सूर देवळाचा की वाडीचा?"

पाद्री मानुएलनी हा प्रश्न सांगताना आवाज हळू केला. उत्तर जपून दे, असे त्यांच्या डोळ्यांत होते. गावालाही कळले, सगळे आता या एका शब्दावर आहे.

"वाडीचा," इनास म्हणाला. "त्याच्यावर माझी बायको हळदीची गाणी म्हणायची. सासूची थट्टाही म्हणायची. देवळाच्या दारात खोटं कशाला बोलू."

थोरल्या पाद्रींनी विहिरीत वाकून पाहिले. मग ते विहिरीच्या काठावर बसले आणि आपल्या गावाची गोष्ट सांगू लागले. त्यांच्या मुलखातही फार पूर्वी एकाच सुरात गात. मठातले साधू शेकडो वर्षे तसेच गात आले. मग कधीतरी, कोणी ते ठाऊक नाही, एकाने गाणे सांभाळायला खाली एक लांब सूर धरून ठेवला. जुन्या माणसांनी कपाळाला हात लावला. देवाला दोन आवाजांनी हाक मारतात काय, म्हणाले. पण दुसऱ्या सुराला सोबत म्हणून तिसरा आला, तिसऱ्याला चौथा. आणि पुढे तर गाणी रचणाऱ्यांनी शिपायांची, लग्नाची, गुत्त्यातली गाणी घेतली, इतकी संथ केली की ओळखू येऊ नयेत, आणि ती मिस्सेच्या गाण्याखाली पायासारखी घातली. वरचे देवाचे, खालचे माणसाचे. "माझी आई देवळात बसून हसायची," थोरले पाद्री म्हणाले. "म्हणायची, हे तर माझ्या वरातीचं गाणं. पुढे वरिष्ठांनी असल्या गाण्यांवर बंधनं घातली, आणि आम्ही नियम शिकलो. बरे होते नियम. पण आईचं हसणं मी आज इथे पहिल्यांदा आठवलं."

मग ते उठले. म्हणाले, गाणे चालू राहील, पुस्तक इथेच राहील. सूर कुठून आला ते मी विचारणार नाही. त्याने काय तोलून धरले ते मी ऐकले. हा माणूस दर पास्काला उभा राहील, आणि रहाटाचे तेल धुऊन काढा.

"तुला काय हवं?" त्यांनी इनासला विचारले.

इनासने मुक्या रहाटाकडे पाहिले. म्हणाला, "मी सूर धरला की लगेच गाणं सुरू करू नका. रहाटाच्या एका फेरीएवढा वेळ जाऊ द्या. मग सुरू करा."

कशासाठी, ते त्याने सांगितले नाही. थोरल्या पाद्रींनीही विचारले नाही.

सगळ्या गावाने मिळून आस काढला, रिठ्याने घासला, राखेने घासला, उन्हात ठेवला. पण लाकूड तेल प्यालेले. रहाट बोलला नाही. पुढची अकरा वर्षे तो मुका फिरला, आणि अकरा वर्षे इनास देवळात मागे उभा राहून सूर धरत आला. पहिल्यांदा त्याला एकट्याला श्वास पुरेना, म्हणून विहिरीवर पाण्याला येणाऱ्या म्हाताऱ्या त्याच्या बाजूला येऊन उभ्या राहू लागल्या. एकाने श्वास घेतला की दुसरीने धरायचे. आणि गंमत अशी, दुसऱ्या कोणी धरला की इनासचा कान मोकळा होई. तेवढ्या वेळात तो डोळे मिटून वर पाही.

अकराव्या वर्षी, पास्काला तीन दिवस राहिले असताना, इनास गेला. माती देऊन माणसे परतली. वाडीला पाणी द्यायचे राहिले होते, तेव्हा कायतान मेस्त्री, तोही आता काठी घेऊन चालणारा, स्वतः रेड्यामागे गेला. रेडाही तो नव्हे, त्याच्या पुढचा. चाक फिरले, पोहरे खाली गेले, आणि आस बोलला. तोच सूर, तीच पट्टी. कायतान काठी टाकून तिथेच खाली बसला असे सांगतात. कोणी म्हणतो, इतक्या वर्षांनी तेल सुकले असेल. जुनी माणसे म्हणत, इनास जाताना सूर ठेवून गेला. दोन्ही खरे असायला काय हरकत आहे.

आजही पास्काच्या सकाळी मिस्सेआधी गावातले दोघे जण हाताने रहाट फिरवतात. खिडकी उघडी ठेवतात. आत मागच्या बाजूला म्हातारे आणि म्हाताऱ्या तो सूर उचलतात, ओठ मिटून. आता देवळात पेटी आहे, व्हायोलिन आहे, तालीम झालेली पोरी-पोरे आहेत. पण रहाटाची एक पूर्ण फेरी होईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. पाहुण्यांना वाटते, गाणारे विसरले.

त्या फेरीत वर काही ऐकू येते का, असे बरेच जण विचारतात. ऐकले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. एवढेच दिसते, की फेरी संपत आली की गाणाऱ्यांमधला पुढचा माणूस नकळत जरासा बाजूला सरकतो, कोणाला तरी जायला वाट द्यावी तसा. मग गाणे सुरू होते.